गळ्याचा आशीर्वाद आणि मानेतली गाठ

दरवर्षी ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझ यांच्या सणादिवशी, दोन मेणबत्त्यांच्या फुलीखाली आपण श्रद्धेने गळा पुढे करतो. तोच गळा महिनोन् महिने घोगरा राहिला, मानेत न दुखणारी गाठ आली, तर मात्र आपण तो मफलरखाली झाकतो. आधी लेप लागतो, मग ‘सुई लावू नका, रोग पसरेल’ असे सांगणारे शहाणे जमतात. सुईच्या तपासणीने रोग पसरत नाही. तो वाढतो उशिराने.

त्याहून घातक अज्ञान पुढे आहे. ‘चौथी स्टेज’ हे शब्द कानी पडताच घरात शोक सुरू होतो. घशातला कर्करोग मानेच्या रसग्रंथींत उतरला की तो बहुधा तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत गणला जातो, हे खरे. पण फुप्फुसात पोहोचलेला रोग निराळा, मानेपुरता थांबलेला निराळा. या दुसऱ्यावर डॉक्टर बरे करण्याच्याच हेतूने उपचार करतात: शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून पुढे किरणोपचार, किंवा किरणांसोबत सिस्प्लॅटिन. सर्वच वाचतात असे आम्ही म्हणत नाही; परंतु न लढता हरण्याचा सल्ला देण्याचा अधिकार शेजाऱ्यांना कोणी दिला?

फार पसरलेल्या वा उलटलेल्या रोगातही टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला निव्होलुमॅब या महागड्या औषधाची अवघी २० मिलिग्रॅमची मात्रा देऊन पाहिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.

किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा फोफावतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड सोलवटते, थुंकीही गिळवत नाही, काहींना नाकातून नळी घालावी लागते; आणि नेमके तेव्हाच विरार लोकलच्या गर्दीतून दादर, तेथून परळ गाठायचे. १९४१ पासून टाटाचे दार उघडे आहे. त्या दारापर्यंत सोबत करणारा माणूसही टाटानेच पुरवावा काय?

आमच्या लग्नांत दारू वाहते. तंबाखूच्या जोडीला दारू आली की घशाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. यजमानांनी त्या खर्चाचा एक हिस्सा धर्मग्रामाच्या रुग्णनिधीत टाकावा, आणि प्रत्येक गावाने सोबतीची पाळी लावावी. पस्तीस फेऱ्या म्हणजे पस्तीस घरांचा एकेक दिवस. एवढी घरे नाहीत असे एकतरी गाव वसईत दाखवा!

धर्मगुरूंनाही एक विनंती. घास गिळवत नाही म्हणून आजारी माणूस ख्रिस्तशरीरालाही पारखा झाल्याचे मानतो. कॅनन ९२५ प्रमाणे गरजेच्या वेळी केवळ द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येते. येत्या रविवारी वेदीवरून हे एकदा सांगाल काय?