स्क्रीन फुटली म्हणजे लॅपटॉप मेला नाही

बोअरची मोटार जळली की आपल्या भागातला शेतकरी लगेच नवी आणायला पळत नाही. रिवायंडिंगला टाकतो, दोन दिवस कळ काढतो आणि पाणी चालू करतो. पण लॅपटॉपची स्क्रीन फुटली की तोच माणूस गांगरतो. पोरगं सांगतं, "आता नवाच घ्यावा लागंल." आणि बाप उसनवारीच्या मागं लागतो.

मागच्या खरिपात भूम तालुक्यातल्या एका सेवा केंद्रचालकाचं असंच झालं. चार्जरची पिन कीबोर्डवर राहिली, वरून झाकण दाबलं आणि काच गेली. (निम्म्या स्क्रीन अशाच जात असतील!) पीक विमा भरायचे दिवस. एका अर्जामागं केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळतात, म्हणजे चार दिवस मशीन बंद राहिलं की हंगामच गेला. लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं सांगितलेला आकडा लॅपटॉपच्या निम्म्या किमतीजवळ जाणारा. वॉरंटी होती, पण फुटतूट वॉरंटीत बसत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, हे विकताना कोण सांगतंय? शेवटी बार्शीत एका मेकॅनिकनं तासाभरात नवी स्क्रीन बसवून दिली, कंपनीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी पैशात.

हे कसं शक्य झालं ते समजून घ्या. स्क्रीनचे पॅनल बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी डिस्प्ले अशी त्यांची नावं. लॅपटॉपवर छाप कुणाचाही असो, आतलं पॅनल बहुतेक वेळा यांच्यापैकीच एखाद्याचं असतं. पॅनलच्या मागं मॉडेल नंबर छापलेला असतो. तो नंबर, साईज आणि केबलची पिन (बहुतेक ३० किंवा ४०) जुळली की साध्या लॅपटॉपला दुसरं पॅनल बसतं. बॅटरीची वायर आधी काढायची, कडेची प्लास्टिकची फ्रेम सोडवायची, जुनं काढून नवं लावायचं. टचस्क्रीनचं काम मात्र अवघड, तिथं काच चिकटवलेली असते.

खर्च करायच्या आधी एक करा. एचडीएमआय केबलनं लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र नीट आलं तर बिघाड बहुतेक स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचाच आहे. त्याच टीव्हीवर बघून बॅकअपही घेऊन टाका. आणि स्क्रीन बदलायला पासवर्ड लागत नाही. कुणी मागितला तर कशाला पाहिजे ते विचारा.

आता मूळ मुद्दा. गावातल्या मेकॅनिकच्या हातात कसब आहे, पण अस्सल सुटे भाग त्याला सरळ मिळत नाहीत. किंमत जाहीर नसते, दुरुस्तीची माहिती कंपनी दाबून ठेवते. केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे विषय ठरले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल आलं. पुढं वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचे गुण देण्यासाठी दुसरी समिती झाली, मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातही सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून. लॅपटॉप मागंच राहिला.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापावे लागतात, सुटा भाग किती महाग हेही त्यात मोजतात. तिथलं गिऱ्हाईक घ्यायच्या आधी बघून घेतं. आपलं पोरगं इंजिनिअरिंगला जाताना कर्ज काढून लॅपटॉप घेतं आणि स्क्रीनची किंमत फुटल्यावर कळते. हे उलटं आहे. लॅपटॉपही त्या यादीत घ्या, आणि सुट्या भागांची किंमत विकतानाच लिहून द्या, एवढी साधी मागणी आपल्या खासदारांनी लोकसभेत मांडायला काय हरकत आहे?

तोवर आपल्या हातात काय? नुसतं महाग सांगितलं म्हणून केस होत नाही, हे खरं. पण पैसे घेऊन काम केलं नाही, बिल द्यायला नकार दिला, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्या बाजूनं आहे. वस्तू पुण्यात घेतली असली तरी आपण राहतो तिथं, म्हणजे धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी १९१५ ला फोन लावून बघा. फक्त बिल जपून ठेवा राव. आणि मेकॅनिक ओळखीचा असला तरी पॅनलचा नंबर अन् गॅरंटी बिलावर लिहून घ्या.

तुम्हाला कंपनीनं स्क्रीनचा किती आकडा सांगितला आणि बाहेर किती लागले, ते कमेंटमध्ये टाका. कोट असेल तर फोटो टाका, फक्त आपला मोबाईल नंबर झाकून.