माग थांबतो, विमान थांबत नाही

दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या मूळ गावी, मध्य प्रदेशातील बुरहानपूर जिल्ह्यातल्या जसोंडीस गेलो होतो. शेजारच्या मुलाने बारावीनंतर वैमानिक होण्याचा ध्यास घेतला आहे. शिक्षणाचा खर्च लाखांच्या घरातला. वडील केळीच्या बागेचा एक तुकडा विकण्याच्या विचारात. संध्याकाळी ओट्यावर बसलो असता त्यांनी मला विचारले, "भाऊ, आता विमानं आपोआप चालतात म्हणे. मग उद्या माझ्या पोराला कोण ठेवणार?"

प्रश्न साधा आहे; पण तो जमीन विकायला निघालेल्या बापाचा आहे. तेव्हा त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

त्यांची भीती खोटी नाही, हे प्रथमच मान्य करू. एके काळी लांब पल्ल्याच्या विमानात चालकांच्या कक्षात पाच माणसे असत: दोन वैमानिक, एक अभियंता, एक मार्ग काढणारा आणि एक रेडिओ सांभाळणारा. रेडिओ सुधारला, रेडिओवाला गेला. मार्ग दाखवणारी यंत्रे आली, मार्ग काढणारा गेला. संगणक आला आणि अभियंताही गेला. उरले दोन वैमानिक. आता त्यांतलाही एक कमी करता येईल काय, याचा विचार चालू आहे. बुरहानपूरच्या माणसाला ही कथा नवी नाही. हातमागावर एका मागाला एक विणकर बसे. यंत्रमाग आले आणि एकच कारागीर अनेक माग सांभाळू लागला.

परंतु माग आणि विमान यांत एक मोठा भेद आहे. सूत तुटले तर माग थांबवता येतो, गाठ मारून पुन्हा चालू करता येतो. आकाशातले विमान थांबवता येत नाही. शिवाय सारे सुरळीत असते तोवर यंत्र काम करते आणि नेमक्या कठीण क्षणी ते माणसाच्या हाती सोपवते. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरावर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला. स्वयंचालित यंत्रणा बाजूला झाली आणि वैमानिकांना विमान सावरता आले नाही. पाच मिनिटांच्या आत २२८ माणसे गेली.

आपल्याकडेही असा धडा मिळालेला आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे नवे कोरे एअरबस ए-३२० बंगळूरला उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. १४६ पैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. इंजिने मंद ठेवून खाली उतरण्याच्या अवस्थेत यंत्रणा होती. वेग घटतो आहे हे वैमानिकांच्या ध्यानात फार उशिरा आले. यंत्राने सांगितल्याप्रमाणेच केले होते. पण ते काय करीत आहे हे माणसाला कळले नव्हते.

कधी यंत्रही चुकते. बोइंग ७३७ मॅक्स विमानांत एका संवेदकाच्या खोट्या माहितीवरून यंत्रणा विमानाचे नाक खाली दाबत राहिली. २०१८ व २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ जण दगावले.

याचा अर्थ स्वयंचलन नको असा मुळीच नाही. त्यामुळे विमानप्रवास पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झाला आहे. माझे म्हणणे एवढेच की, यंत्र जितके हुशार तितका त्याच्यापाशी बसणारा माणूस अधिक तयारीचा हवा. रोज यंत्रच विमान चालवणार असेल तर वैमानिकाचा हात बसणार कसा? तेव्हा स्वतःच्या हाताने विमान चालवण्याचा नियमित सराव कंपन्यांना सक्तीचा करावा. दुसरा वैमानिक म्हणजे वायफळ खर्च नव्हे. उड्डाणाच्या काही काळात एकाच वैमानिकावर भिस्त ठेवणे आजच्याइतके सुरक्षित असल्याचे युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेच्या अभ्यासातही सिद्ध झालेले नाही. आणि माणूस किती लागतो हे आपण डिसेंबर २०२५ मध्ये पाहिलेच आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, कंपनीची तयारी अपुरी पडली आणि हजारो उड्डाणे रद्द झाली.

मी त्या वडिलांना म्हणालो, "दादा, धंदा बुडणार नाही, पण बदलेल. २०२० च्या साथीत वैमानिकांचेही पगार कापले गेले, काहींच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून एकदम बाग विकू नका. आधी पोराची प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्या, त्याचे भौतिकशास्त्र आणि गणित पक्के आहे का पाहा. मग गोंदिया, बारामतीच्या उड्डाणशाळा पाहून या."

विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न एकट्या वैमानिकाचा नाही. उद्या बँकेत, कारखान्यात, दवाखान्यात तुमच्याही शेजारी यंत्र बसणार आहे. ते काय करीत आहे हे ज्याला कळेल, त्याचीच खुर्ची राहील.