विद्यार्थी-लघुपटातील ध्वनी

२०२४ च्या मे महिन्यात कान चित्रपट महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी-विभागात पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या एका कन्नड लघुपटास पहिले पारितोषिक मिळाले. ५५५ संस्थांतून आलेल्या २,२६३ प्रवेशिकांमधून जे १८ लघुपट निवडले गेले, त्यांत ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टु नो’ हा एक होता. दिग्दर्शक चिदानंद नाईक यांचे सर्वत्र यथोचित कौतुक झाले. परंतु या यशातील शिकण्याजोगी गोष्ट निराळी आहे. टेलिव्हिजन विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाअखेरीस दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या चार शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावयाचा हा प्रकल्प होता. ध्वनीची बाजू सांभाळणारे अभिषेक कदम हे त्या चौघांपैकी एक, मागाहून बोलावलेले कारागीर नव्हेत.

कथा लोककथेतून आलेली. एक म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्य उगवेनासा होतो. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, असे बजावणाऱ्या मराठी म्हणीला या कथेने जणू उलटे टांगले आहे. येथे हरवला आहे तो वस्तुतः एक आवाज. अंधार कॅमेरा दाखवू शकेल. पण पहाट झालीच नाही, हे आधी कानालाच कळावयाचे. अशा कथेचा ध्वनी चित्रीकरण आटोपल्यावर सुचून चालत नाही.

आपल्या महाविद्यालयांतून लघुपट करण्याची हौस वाढली आहे, हे स्वागतार्हच; पण तेथे बहुधा ध्वनी शेवटीच सुचतो. संवाद कॅमेऱ्याच्याच मायक्रोफोनवर टिपले जातात, पंखा बंद करावयाचे कोणास स्मरत नाही, आणि संकलनाच्या वेळी दोष उघडे पडले की त्यांवर पार्श्वसंगीताचे पांघरूण ओढले जाते. पावले, दार, पाऊस हे सारे तयार संग्रहातून. मग गाव कोकणातले असो की विदर्भातले, आरवणारा कोंबडा एकच!

याने केवळ तांत्रिक हानी होते असे नव्हे. चंडीगडलगतचे मुल्लानपूर घ्यावे. शिवालिकच्या पायथ्याच्या या जुन्या गावाभोवती नवे चंडीगड उभे राहत आहे. तेथे चित्रीकरण करणारा विद्यार्थी बांधकामाच्या यंत्रांना कंटाळून संवाद नंतर बंद खोलीत म्हणवून घेईल. शब्द स्वच्छ होतील. पण मोकळ्या शिवारात हाक मारतानाची पंजाबी आणि भिंतीआड हलक्या आवाजातली पंजाबी यांतला भेद पुसला जाईल. बोलीचे अर्धे सत्त्व त्या भेदात असते. ‘लगान’ने २००१ साली संवाद जागेवरच मुद्रित करण्याचा आग्रह धरला, तेव्हा मुंबईच्या व्यावसायिक चित्रसृष्टीस ते धाडस वाटले होते.

साधने नाहीत, ही सबब पूर्णांशाने पटण्याजोगी नाही. पारितोषिकप्राप्त लघुपटही चारच दिवसांत चित्रित झाला होता. यंत्रे थांबली असता, सर्वांना स्तब्ध उभे करून, त्या जागेची मिनिटभर शांतता टिपून ठेवण्यास कितीसा खर्च येतो? प्रत्येक जागेची शांतता निराळी असते; तुकड्या-तुकड्यांनी जोडलेल्या संवादांमधील फटी ध्वनिमिश्रणाच्या वेळी तीच बुजविते. तिच्याऐवजी संपूर्ण निःशब्दता घातली, तर प्रेक्षक दचकतो. यंत्र बिघडले असेच त्याला वाटते.

तेव्हा अभ्यासक्रमात एवढे तरी व्हावे: संहितावाचनाच्या दिवसापासून ध्वनी करणारा विद्यार्थी बैठकीत असावा, त्याच्या कामास स्वतंत्र गुण असावेत, आणि ते देण्यापूर्वी परीक्षकांनी लघुपट एकदा पडदा झाकून ऐकावा.