कूलर मार्चमध्ये धुवा, डेंग्यू आल्यावर नव्हे

प्रति,
माननीय आयुक्त, अमरावती महानगरपालिका आणि अकोला महानगरपालिका,
माननीय जिल्हाधिकारी, अमरावती आणि अकोला,
दोन्ही जिल्ह्यांचे आरोग्य आणि हिवताप अधिकारी



मे 2024 च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने 31 मेपर्यंत कलम 144 लागू केलं. कामगारांसाठी पिण्याच्या पाण्याची आणि पंख्यांची सोय करा, शिकवणीचे वर्ग सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या, असं त्या आदेशात होतं. तो आदेश योग्यच होता. ऊन ही एकेकट्या घराची अडचण नसून सगळ्यांची आपत्ती आहे, हे त्यातून सरकारी कागदावर मान्य झालं. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. उन्हापासून वाचण्यासाठी माणसं ज्या हवेच्या आधाराने बसतात, ती हवा कशातून येते याची जबाबदारी आज कोणावरच नाही.

आपल्याकडे ती येते कूलरमधून. होळी झाली की कूलर खाली काढायचा, खस बदलायचा, आणि मृग लागेपर्यंत तो रात्रंदिवस चालवायचा, ही वऱ्हाडातल्या घराघराची रीत. एसी वाढले, पण अमरावती-अकोल्यात उन्हाळा अजूनही कूलरवरच निघतो, कारण इथली हवा कोरडी आहे. पाणी झपाट्याने उडतं, उडताना हवेतली उष्णता शोषून घेतं, आणि 44 अंशांची झळ खोलीत येईपर्यंत ती चांगली पंधरा अंशांनी उतरते. इतक्या कमी विजेत इतका गारवा देणारं दुसरं यंत्र नाही. म्हणून हे पत्र कूलरच्या विरोधात नाही. कूलर टिकावा आणि त्याची हवा छातीत भरण्यासारखी असावी, यासाठी ते लिहीत आहे.

गेल्या काही वर्षांत खिडकीतला कूलर गच्चीवर गेला आहे. वर मोठा कूलर, तिथून पत्र्याचा डक्ट, आणि त्याची तोंडं हॉलमध्ये, दोन खोल्यांमध्ये. बंगल्यांमध्ये हे आलं आणि त्याहून अधिक मंगल कार्यालयं, दवाखाने, बँका, शिकवणी वर्ग आणि अभ्यासिकांमध्ये आलं. खिडकीतला कूलर निदान डोळ्यांसमोर असायचा. त्याची जाळी काळी झाली की घरातली बाई ती काढून घासायची. गच्चीवरच्या कूलरला उन्हात जाऊन कोण बघणार? आणि डक्टच्या आत तर डोकावताच येत नाही, कारण बहुतेक डक्टला उघडायला झडपच ठेवलेली नसते. पावसाळ्यात कूलरवर ताडपत्री पडते, डक्टचं तोंड मात्र उघडंच राहतं. तिथे कबुतरं काड्या आणतात, पाली आणि झुरळं राहतात, आतल्या ओलाव्यावर धूळ बसून तिचा चिकट थर होतो. अकोल्यात त्या धुळीत जिनिंगची रुई आणि डाळ मिलची टरफलं मिसळतात. मार्चमध्ये बटण दाबलं की नऊ महिन्यांचं ते सगळं खोलीत येतं. पहिल्या दिवशी जो कुबट वास सुटतो त्याला लोक ‘कूलरचा वास’ म्हणून सोडून देतात. ओल्या वाळ्याचा सुगंध वेगळा आणि बुरशीचा वास वेगळा, एवढा फरक आपल्या नाकाला कळतो, पण तिकडे लक्ष द्यायची सवय राहिलेली नाही.

एका खासगी अभ्यासिकेत मी हे जवळून पाहिलं. खेड्यांतून आलेली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं सकाळी सातला येतात आणि रात्री उशिरा जातात. डक्टच्या तोंडाला काळी ओली साय धरली होती आणि त्याच्या बरोबर खाली बसलेला मुलगा रुमाल नाकाला लावून वाचत होता. खोकला जात नाही म्हणाला. जागा बदलून मिळत नाही, महिन्याचे पैसे भरलेत. तक्रार कुणाकडे करणार? अभ्यासिकेच्या हवेची तपासणी करणारा माणूस आपल्या व्यवस्थेत नेमलेलाच नाही.

हा निव्वळ सर्दी-खोकल्याचा प्रश्न नाही. जयपूरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने देशातल्या 19 शहरांतल्या 27 केंद्रांवर फुफ्फुसाच्या एका गंभीर रोगगटाच्या 1,084 रुग्णांची नोंद झाली, आणि 2017 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. या रोगांत फुफ्फुसाच्या आतल्या पातळ पडद्यांना सूज येते, पुढे ते कडक होतात, आणि जिना चढतानाही माणसाला धाप लागते. त्या रुग्णांपैकी 47.3 टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला. श्वासातून वारंवार आत जाणाऱ्या बुरशी, जंतू, पक्ष्यांची विष्ठा अशा गोष्टींना शरीराने दिलेली ती तीव्र प्रतिक्रिया असते. आणि हा न्यूमोनायटिस झालेल्यांपैकी 48.1 टक्के रुग्णांचा कूलरशी संपर्क होता. संपर्क होता म्हणजे कूलरमुळेच रोग झाला, असं सिद्ध होत नाही, आणि ज्या देशात कोट्यवधी लोक कूलरसमोर झोपतात तिथे हा आकडा जपूनच वाचला पाहिजे. पण ओला खस, साचलेलं पाणी आणि त्यावरून थेट छातीत जाणारी हवा ही साखळी संशयास्पद आहे, एवढं बोलायला तो पुरेसा आहे. ज्या दोन जिल्ह्यांत चार-चार महिने कूलर चालतो, तिथल्या सरकारी रुग्णालयांत खोकल्याच्या रुग्णाला ‘घरी कूलर कसला आहे, कधी धुतला?’ असा एक प्रश्न विचारला जावा. केसपेपरवर एक ओळ वाढेल, आणि दोन उन्हाळ्यांत आपल्याकडे आपली स्वतःची माहिती जमा होईल.

डक्ट साफ करण्याचा धंदा परदेशात मोठा आहे आणि तो आपल्याकडेही येईल, म्हणून एक गोष्ट आताच सांगून ठेवते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं मत असं आहे की डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे सिद्ध झालेलं नाही. आत डोळ्यांना दिसेल अशी बुरशी असेल, उंदीर-किडे असतील किंवा धूळ साचून हवा अडत असेल, तरच ते काम करून घ्यावं, आणि ओलावा कुठून येतो ते आधी शोधावं. हा सल्ला तिथल्या बंद घरांतल्या, कोरड्या डक्टसाठी आहे. आपल्या डक्टमधून ओली हवाच वाहते, त्यामुळे इथे बुरशी आणि घाण हा अपवाद नसून नेम आहे. तरीही त्या सल्ल्यातला गाभा आपण घ्यावा: सुगंधी औषध फवारून पैसे घेणाऱ्याला काम देऊ नये. डक्ट उघडावा, ब्रशने घासावा, धूळ ओढून घ्यावी, पुसून कोरडा करावा, आणि बिघाडाचं मूळ म्हणजे कूलरची टाकी आणि खस नीट करावा. त्यासाठी डक्टला दर काही फुटांवर उघडणारी झडप हवी. नवीन डक्ट बसवताना ती सक्तीची करणं महानगरपालिकेला जमण्यासारखं आहे.

आता पाण्याविषयी. या पत्रातली सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे.

डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा, ‘कोरडा दिवस’ पाळा, असं आरोग्य विभाग सांगतो. सल्ला बरोबर आहे, पण तो नळाला रोज पाणी येणाऱ्या गावासाठी लिहिल्यासारखा वाटतो. अकोल्याला काटेपूर्णा धरणाचं पाणी मिळतं आणि ते रोज मिळत नाही. अमरावतीला ऊर्ध्व वर्धेचं पाणी जीवन प्राधिकरण देतं, तेही अनेक भागांत रोज नाही. मे महिन्यात चार दिवसांनी नळ आलेल्या बाईला ‘टाकीतलं पाणी ओतून द्या’ असं सांगणाऱ्या कर्मचाऱ्याचं ती ऐकत नाही, आणि त्यात तिची चूक नाही. म्हणून नळाचा दिवस आणि कोरडा दिवस एक करा. ज्या प्रभागात ज्या दिवशी पाणी सोडता, त्याच सकाळी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगा की कूलरची टाकी आज रिकामी करा, घासा, मग भरा. त्यासाठी पैसा लागत नाही. पाणीपुरवठा आणि आरोग्य या दोन विभागांनी एका टेबलाशी बसणं लागतं.

घासा हा शब्द महत्त्वाचा आहे. हा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या कडेला, टाकीच्या ओल्या भिंतीला चिकटवतो, आणि ती अंडी कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात. जूनमध्ये फक्त पाणी ओतून गच्चीवर ठेवून दिलेला कूलर पावसाच्या पहिल्या सरीने भरला की तीच अंडी फुटतात. जुलैपासून हवा दमट होते, कूलर गारवा देत नाही, कुणी तो लावतही नाही, पण त्याच्या तळाशी पाणी असतं. आपल्याकडे डेंग्यूचे रुग्ण पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतात आणि मग कर्मचारी घरोघर फिरून टाक्या बघतात, अळ्या मारण्याचं औषध टाकतात, नोटिसा देतात. दिल्ली सरकारने 2019 मध्ये ‘दहा आठवडे, दहा वाजता, दहा मिनिटं’ अशी मोहीम काढली, लोकांनी रविवारी सकाळी आपापल्या घरातलं साचलेलं पाणी तपासावं म्हणून. ती सप्टेंबरमध्ये सुरू झाली. वऱ्हाडाला सप्टेंबर परवडणारा नाही. आपली मोहीम दोनदा हवी: एकदा होळी ते पाडव्याच्या दरम्यान, कूलर चालू होण्याआधी, आणि एकदा मृग लागल्यावर, कूलर बंद करताना. 16 मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन असतो. त्या दिवशी आपल्याकडे कूलर भर जोरात असतात, म्हणून त्या दिवसाचं भाषण टाकीजवळ उभं राहून व्हावं.

खारपाणपट्ट्याची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांत बोअरचं पाणी खारं आहे, आणि नळाचं पाणी पिण्यासाठी जपून ठेवणारं घर कूलरमध्ये बोअरचंच पाणी घालतं. पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. महिन्याभरात खसावर पांढरी खडी चढते, हवा अडते, पंपाचा गळा बसतो आणि त्या खडीच्या खाली ओली घाण टिकून राहते. अशा गावांत खस एका उन्हाळ्यात दोनदा बदलावा लागतो आणि टाकीतलं दाट झालेलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी थोडं सोडून द्यावं लागतं. ते झाडांना घालू नये, माती खराब होते. अंगण शिंपायला किंवा संडासात ते चालतं. इथल्या पाण्यात कोणता खस टिकतो, लाकडाचा, वाळ्याचा की कागदी जाळीचा, याची साधी चाचणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने किंवा इथल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने एका उन्हाळ्यात करून द्यावी.

आणि हे काम करणारी माणसं. मार्चमध्ये सायकलवर खसाचे गठ्ठे बांधून ‘कूलर दुरुस्ती’ अशी हाक देत फिरणारे कारागीर आपण सगळे ओळखतो. बुरशी धरलेला जुना खस ते उघड्या हातांनी, तोंडाला काही न बांधता उपसतात, आणि तो खस मग नालीत किंवा मोकळ्या प्लॉटवर जातो. दर उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याला हात लागून शॉक बसल्याच्या, माणूस दगावल्याच्या बातम्या येतात, त्यातही लहान मुलं असतात. या कारागिरांना फेब्रुवारीत आयटीआयच्या वीजतंत्री विभागात आठवडाभर बोलवा. अर्थिंग कसं तपासायचं, पंपाची वायर कशी झाकायची, डक्ट कसा उघडून धुवायचा, हे शिकवा. मास्क आणि रबरी हातमोजे द्या, ओळखपत्र द्या, दर ठरवून द्या. घरमालकाला भरवशाचा माणूस मिळेल आणि त्याला चार महिने मानाचं काम मिळेल. जुना खस गोळा करायला मार्चचे पंधरा दिवस घंटागाडीत वेगळा कप्पा ठेवा.

खासगी घरांवर दंड लावून सुरुवात करू नका, अशी माझी विनंती आहे. ज्याच्याकडे खस बदलायला पैसे नाहीत त्याच्याकडून दंड घेऊन हवा स्वच्छ होत नाही. सुरुवात तिथून व्हावी जिथे माणूस स्वतःच्या मर्जीने जागा बदलू शकत नाही: रुग्णालयांचे वॉर्ड, प्रसूतिगृहं, अंगणवाड्या, वसतिगृहं, शिकवणी वर्ग, अभ्यासिका. अकोल्यात तोष्णीवाल लेआउटमध्ये आणि अमरावतीत गाडगेनगरच्या बाजूला किती मुलं दिवसभर बंद खोल्यांत बसतात ते आपल्याला माहीत आहे. अशा प्रत्येक जागेने कूलर आणि डक्ट कधी धुतला, खस कधी बदलला, अर्थिंग कुणी तपासलं, याचा कागद दारावर लावावा. शिकवणीच्या वेळा बदलण्याचा आदेश प्रशासन एका दिवसात काढू शकतं, तर हा कागद लावण्याचा आदेशही काढता येईल.

पहिली तपासणी सरकारी इमारतींच्या गच्चीवरून व्हावी आणि तिचा अहवाल लोकांपुढे ठेवावा. येत्या होळीआधी दोन्ही महानगरपालिकांनी हा आदेश काढावा, आणि त्यासाठी लागणारी तरतूद चालू अर्थसंकल्पातच करावी, ही आपणा सर्वांना कळकळीची विनंती.

आपली नम्र,
वऱ्हाडातील एक नागरिक