पडीक काय : जमीन की शिक्षण?

हैदराबादच्या पश्चिमेस, गच्चीबावलीतील ज्या चारशे एकरांवरून २०२५ साली देशभर गदारोळ झाला, त्यांची महसूलदप्तरातली नोंद अवघ्या चार शब्दांची आहे : 'कंचा अस्तबल पोरंबोक सरकारी'. आमचे मंडळ साहित्याचे, म्हणून आम्ही आधी शब्दांकडे पाहतो. 'कंचा' हा तेलंगणातला शब्द. गुरे चारण्यासाठी राखलेले रान, म्हणजे आपण ज्याला कुरण किंवा गायरान म्हणतो ते. 'अस्तबल' म्हणजे पागा. 'पोरंबोक' दक्षिणेकडून आलेला. सारा न लागणारी, कोणाच्या खात्यावर न चढलेली जमीन. 'सरकारी'चा अर्थ सांगावयास नको. म्हणजे ज्या नोंदीच्या बळावर ही जमीन मोकळी व पडीक ठरवण्यात आली, तीच नोंद सांगते की येथे गवत होते आणि त्यावर जनावरे जगत होती. ज्यांनी ती वाचली त्यांनी चौथा शब्द तेवढा मोठ्याने वाचला. पहिल्याकडे पाहिलेही नाही. आमचे भांडण आहे ते ह्या वाचनाशी.

घडले ते थोडक्यात असे. ३० मार्च २०२५ रोजी आपला गुढीपाडवा होता, तेलुगू शेजाऱ्यांचा उगादी. दुसऱ्या दिवशी रमजान ईद. जोडून आलेल्या ह्या सुट्ट्यांत हैदराबाद विद्यापीठाच्या आवाराला लागून असलेल्या ह्या रानात यंत्रे शिरली. विद्यार्थी आडवे गेले. पोलिसांनी त्यांना उचलून नेले. ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेऊन तोड थांबवली. न्यायालयापुढे आलेल्या अहवालानुसार तोवर सुमारे शंभर एकर उजाड झाले होते. पुढच्या सुनावण्यांत न्यायालयाने सुट्ट्या साधून केलेल्या ह्या घाईवर बोट ठेवले, आणि रान पूर्ववत करा, नाहीतर अधिकाऱ्यांना तुरुंगाची वाट दाखवावी लागेल, अशा आशयाची तंबीही दिली.

ह्या सर्व काळात चर्चा झाली ती मुख्यतः मालकीची. विद्यापीठ १९७४ साली स्थापन झाले तेव्हा त्याला दोन हजार तीनशेहून अधिक एकर देण्यात आले. पण मालकीचे कागद रीतसर त्याच्या नावे झाले नाहीत. त्यांपैकी हे चारशे एकर २००३-०४च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने क्रीडासंकुलासाठी एका खाजगी कंपनीला दिले, २००६ साली परत घेतले, आणि त्या कंपनीशी चाललेला दीर्घ दावा २०२४ साली सरकारच्या बाजूने निकालात निघाला. जमीन सरकारची आहे हे आम्ही वादापुरते मान्य करतो. पण मालकी सिद्ध झाल्याने त्या जमिनीवर काय जगते ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. घर आमच्या नावावर आहे म्हणून आत माणसे असताना ते पाडता येत नाही.

कायद्यानेही हा भेद फार पूर्वी मान्य केला आहे. गोदावर्मन प्रकरणी १२ डिसेंबर १९९६च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 'वन' हा शब्द त्याच्या कोशगत अर्थाने घ्यावयाचा, मालकी कोणाचीही असो. २०२३ साली वनसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाल्यावर ही व्याख्या आकुंचित होईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने जुनाच अर्थ तूर्त कायम ठेवला. आणि ४ मार्च २०२५ रोजी राज्यांना बजावले की अशी वने ओळखण्यासाठी तज्ज्ञसमित्या महिन्याभरात नेमा. त्या महिन्याची मुदत संपण्यापूर्वीच यंत्रे गच्चीबावलीत उभी होती. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला एका शब्दाचा अर्थ कोशातून घ्या असे पुनःपुन्हा सांगावे लागते, ह्याचे नवल साहित्याच्या मंडळाला वाटू नये तर कोणाला वाटावे?

'पण ते वन होतेच कोठे? नुसती झुडपे आणि दगड!' हा आक्षेप आम्ही सुशिक्षित, सुस्वभावी माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे. त्याला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण सगळ्या अनर्थाचे मूळ तेथेच आहे. दख्खनच्या पठारावरचे रान असेच असते. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटचे खडक, त्यांच्या फटींत साचलेली ओंजळभर माती, गवत, तरवड, सीताफळ, पळस, आणि पावसाळ्यात भरणारी तळी. ह्या उघड्या माळावर चंडोल आणि माळटिटवी जमिनीवरच अंडी घालतात. तित्तराला झुडूप हवे असते. घोरपडीला खडकाची कपार लागते, तर चांदणी कासवाला गवत. विद्यापीठाच्या ह्या परिसरात सातशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती आणि दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. येथूनच वर्णन झालेल्या एका कोळ्याच्या शास्त्रीय नावात 'हैदराबादेन्सिस' असे ह्या शहराचे नाव आहे. चांदणी कासवाला २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. मोर तर तेथे आधीपासूनच आहे. ज्याला हे रान दिसत नाही, त्याने मनात सह्याद्रीच्या घनदाट अरण्याचे चित्र धरले आहे आणि त्याच मापाने तो माळ मोजतो आहे.

तेलंगण राज्य २०१४ साली अस्तित्वात आले, तेव्हा त्याने आपली मानचिन्हे निवडली : प्राणी चितळ, पक्षी पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख, फूल तंगेडू म्हणजे आपला तरवड. बतुकम्माच्या फुलोऱ्यात हाच तरवड मानाने विराजतो, आणि दसऱ्याला नीलपंखाचे दर्शन शुभ मानतात. राज्याने ही निवड फार जाणतेपणाने केली होती. कारण हे तिघेही माळाचे व झुडपी रानाचे रहिवासी आहेत. ह्या विद्यापीठाच्या रानातही ते आहेत. जे राज्य आपल्या चिन्हांवर अभिमान मिरवते, त्याच राज्याचे एक महामंडळ त्यांच्या घरावर नांगर फिरवते, ह्यात केवळ लोभ आहे असे आम्ही मानत नाही. ह्यात अज्ञानही आहे, आणि ते पदवीधरांचे अज्ञान आहे.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. अंमलबजावणीची दिरंगाई पाहून २००३ साली त्याला पुन्हा लक्ष घालावे लागले. त्यातून पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरूचा यांनी सिद्ध केले. त्या आराखड्यात पन्नास तासिका होत्या, पैकी पाच क्षेत्रभेटीच्या. परिसरातील नदी, माळ, डोंगर यांची नोंद करावी, सामान्य वनस्पती, कीटक, पक्षी ओळखावेत, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. पन्नासांत पाच! आणि ह्या पाचांचेही बहुतेक ठिकाणी काय झाले, हे ज्यांची मुले त्या वर्गांत बसली त्या पालकांना विचारावे. वहीत चित्रे चिकटवली, शेवटी एक परीक्षा दिली, आणि विषय सुटला. पुढे अभ्यासक्रम बदलत गेले, तरी सवय बदलली नाही. ओझोनचा थर कोठे असतो हे सांगणाऱ्या पदवीधराला वसतिगृहाच्या खिडकीत बसलेल्या पक्ष्याचे नाव, कोणत्याच भाषेत, सांगता येत नाही.

विद्यार्थी लढले, मग शिक्षण नापास कसे, असे कोणी विचारील. विद्यार्थी लढले हे खरे, आणि त्यांना आमचा नमस्कार असो. पण ते शिकले कोठे? 'वाइल्ड लेन्स' ह्या विद्यार्थिगटाने हौसेने, पदरमोड करून, तासिकांच्या बाहेर ह्या रानातील प्राण्यापक्ष्यांची छायाचित्रे व नोंदी केल्या. संकटकाळी उपयोगी पडले ते हे काम. जे विद्यापीठाने शिकवावयाचे ते विद्यार्थ्यांनी आपसांत शिकून घेतले. विद्यापीठाला ह्याचे श्रेय घेता येणार नाही.

अधिकृत, सर्वांस खुली, वर्षानुवर्षे तपासलेली नोंद नसली की काय होते, हे त्याच एप्रिलात दिसले. यंत्राने रचलेली, पळणाऱ्या हरणामोरांची कृत्रिम चित्रे देशभर फिरली. हेतू चांगला असेल. परिणाम घातक झाला. सरकारला बोलावयास जागा मिळाली : चित्रे खोटी, म्हणून कळवळाही खोटा. खऱ्या चितळाचा साक्षीदार खोट्या चितळाने बाद केला! ज्या समाजाला आपल्या रानाची खरी यादी तोंडपाठ आहे, त्याला खोट्या चित्राची गरज लागत नाही, आणि खोट्या चित्राच्या आडून त्याची फसवणूकही करता येत नाही.

रोजगाराचा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ह्या शहरात आमचीही मुले नोकऱ्या करतात, आणि शेजारच्या काचेच्या इमारतींतच करतात. परंतु कार्यालयासाठी दुसरी जागा शोधता येते. अडीचशे कोटी वर्षांचा खडक, त्यावरून वाहत येऊन 'पीकॉक लेक' आणि 'बफेलो लेक' भरणारे पाणी, हे दुसरीकडे हलवता येत नाही. आणि 'तोडले तेवढी झाडे लावू' हा तोडगा तर ह्या अज्ञानाचाच पुढचा अध्याय आहे. माळावर गुलमोहर आणि सुबाभूळ लावल्याने माळ परत येत नाही. उरलासुरला माळही मरतो. चंडोलाला सावली नको, त्याला उघडे गवत हवे.

हाच नियम आम्ही विद्यापीठालाही लावतो. त्याच्या मूळ जमिनीतून क्रीडांगणे, संस्था, रस्ते निघाले. आवारातही इमारती वाढल्या. सरकारचे यंत्र वाईट आणि आपले यंत्र विकासाचे, असे विद्यापीठाला म्हणता येणार नाही. आवारात भटक्या कुत्र्यांना दयेने भाकरी घालणाऱ्यांनाही सांगितले पाहिजे की त्याच कुत्र्यांच्या तोंडी चितळाचे पाडस जाते. ज्याच्यावर माया करावयाची त्याचे जगणे कशावर चालते, हे शिक्षणाने कळते. भूतदया ते आपोआप शिकवत नाही.

मग करावयाचे काय? आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली : २००२च्या जैवविविधता कायद्याच्या ३७व्या कलमान्वये हे रान व विद्यापीठाचे उरलेले माळ जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित करावे. हे अशक्य नाही. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचे आवार २०१० साली, आणि पुण्यात कृषी महाविद्यालयाकडील गणेशखिंड उद्यान २०२० साली वारसास्थळ झाले. ह्या शहराच्या शेजारचा अमीनपूर तलाव तर २०१६ सालीच झाला. म्हणजे तेलंगणाला वाट ठाऊक आहे. दुसरी : विद्यापीठाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो गणिताचा असो वा उर्दू काव्याचा, वर्षातून काही सकाळी ह्या रानात नोंदवही घेऊन जाणे बंधनकारक असावे, आणि त्या नोंदी दरवर्षी प्रसिद्ध व्हाव्यात. निजाम सरकारच्या साहाय्याने सालिम अलींनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानच्या पक्ष्यांची पाहणी केली. संस्थानाला जे परवडले ते केंद्रीय विद्यापीठाला का परवडू नये?

तिसरी मागणी भाषेची आहे, आणि ती आमच्यासारख्या मंडळांकडेही येते. ही नोंद केवळ लॅटिन व इंग्रजी नावांची नसावी. तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी अशी सर्व नावे तीत यावीत. मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांनी आयुष्यभर पक्ष्यांची व रानाची नावे गोंडांकडून, पारध्यांकडून, गुराख्यांकडून गोळा करून मराठीत आणली. त्यांच्या कामाचा गौरव करणे सोपे आहे. ते पुढे नेणे म्हणजे, येथील धनगराला आणि मेंढपाळाला विचारून, तंगेडू आणि तरवड, पालपिट्टा आणि नीलपंख ही जोडनावे एका वहीत लिहून काढणे. ज्याला नाव नाही ते महसुली कागदावर पडीक ठरते. आमच्या वाचकांपैकी जे निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांना चार भाषा येतात आणि सकाळी फिरावयास सवड आहे, त्यांनी हे काम कोणाच्या आदेशाची वाट न पाहता सुरू करावे. पुढच्या पावसाआधी निदान पन्नास नावे लिहून झाली पाहिजेत.