हजला निघताना गाडीची किल्ली कोणाकडे?

हजला निघालेला माणूस देणी फेडतो, नात्यातल्यांची माफी मागतो, घराच्या किल्ल्या धाकट्या भावाच्या हाती देतो. गाडीची किल्लीही त्याच जुडग्यात असते. पण अंगणात उभ्या गाडीचे पुढचे चाळीस दिवस काय करायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. मग हाजीसाहेबांना आणायला जाण्याच्या सकाळी किल्ली फिरवली की नुसते टक टक टक.

शिरूर-दौंड भागात गाडी उभी राहण्याला हजचेच निमित्त लागते असे नाही. दौंडची पुष्कळ माणसे पुण्याला रेल्वेने ये-जा करतात. शिरूरकडची रांजणगाव एमआयडीसीला कंपनीच्या बसने जातात. मुलगा आखातात नोकरीला असेल तर त्याने घेतलेली गाडी तो सुट्टीवर येईपर्यंत कापडाखाली असते. लग्न, ईद आणि दवाखाना, एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. 2020 मध्ये तर सगळ्यांच्याच गाड्या एकदम उभ्या राहिल्या. 25 मार्चला लॉकडाऊन लागला, रमजान आणि ईद त्यातच गेली आणि बंदी सैल झाली तेव्हा गल्लोगल्ली लोक गाड्यांना धक्के मारत होते.

गाडी बंद असली तरी बॅटरी पूर्ण मोकळी नसते. घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म आणि इंजिनचा कॉम्प्युटर तिच्यातून थोडा थोडा करंट घेतच असतात. गळक्या नळासारखे समजा. हा करंट साधारण 20 ते 50 मिलिअँपिअर असतो. 50 धरला तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते, म्हणजे नव्या बॅटरीचाही महिन्याभरात निकाल लागतो. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचा मुक्काम साधारण चाळीस दिवसांचा. गळती याच्या निम्मी असली तरी परतेपर्यंत बॅटरीत तिसरा हिस्सा राहतो, आणि तेवढ्यावर सेल्फ फिरेलच असे नाही. शिवाय गेली काही वर्षे हज मे-जूनमध्ये येत आहे. आपल्याकडच्या त्या उन्हात बॅटरी आतल्या आतही लवकर उतरते. उतरलेल्या अवस्थेत ती फार दिवस राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. मग ती चार्ज होते, पण धरून ठेवत नाही.

"आम्ही रोज पाच मिनिटे चालू करून ठेवतो," असे अनेक घरांत सांगतात. उभ्या गाडीत पाच मिनिटे इंजिन फिरवून सेल्फने घेतलेला करंट जेमतेम परत मिळतो, आठ दिवसांत झिरपलेला मिळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालवा. शिरूरहून रांजणगावला किंवा दौंडहून पाटसला जाऊन यावे, एसी बंद ठेवून. चालवणारे कोणी नसेल तर सर्वात स्वस्त उपाय म्हणजे दहा नंबरचा पाना. बॅटरीचे वजा चिन्हाचे, म्हणजे काळ्या वायरीचे टर्मिनल सोडवून बाजूला बांधून ठेवा. आधी वजाच, अधिकचे नव्हे. अधिकचे सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतात, ते चालेल. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांना मात्र बॅटरीवर सेन्सर असतो, तिथे आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतले तो. सासू-सासरे मक्केत आहेत, नवरा रात्रपाळीला आहे, सून नवव्या महिन्यात आहे. रात्री दोनला कळा सुरू होतात आणि गाडी उठत नाही. अशा वेळी बॉनेट उघडून बसू नका. पहिला फोन 108 ला, दुसरा शेजाऱ्यांना. गाडीचे सकाळी बघता येते. घरातल्या बायकांना ना पाना कुठे आहे हे माहीत, ना गाडी गेले वीस दिवस उभी आहे हे कोणी लक्षात घेतलेले. किल्ली अमानत म्हणून स्वीकारली तर गाडीही अमानतच ना? आमच्या मते निघण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातल्या सर्वांना, मुलींनासुद्धा, बॉनेट उघडून बॅटरी दाखवावी. दहा मिनिटांचे काम आहे. आपल्याकडे ते पुरुषांचे समजले जाते आणि नेमके पुरुषच घरी नसतात.

सकाळी बघाल तेव्हा आवाज ऐका. भराभर टक टक आणि दिवे मंद, तर बॅटरी उतरली आहे. एकच ठणठणीत टक आणि दिवे लख्ख, तर सेल्फ किंवा त्याची वायर तपासावी. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर दोष बॅटरीत नाही. पेट्रोल, प्लग किंवा उंदराने कुरतडलेली वायर असेल. ऊस आणि ज्वारीच्या या पट्ट्यात उभ्या गाडीत उंदीर शिरतातच, त्यामुळे मुलांच्या बिस्किटांचा चुरा आधी झाडून काढा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड. बोअरचे नाही, आरओचेही नाही.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी चांगल्या बॅटरीच्या वजा टोकाला, आणि शेवटचे टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी त्याच्याजवळ नको. विडी-सिगारेटवाल्या मदतनिसाला लांब उभे करा. रस्त्यावर उसाचा ट्रक थांबला म्हणून त्याच्याकडून करंट मागू नका. मोठे ट्रक आणि एसटी 24 व्होल्टच्या असतात आणि आपली गाडी 12 ची, तिचा कॉम्प्युटर जळेल. ट्रॅक्टर बहुधा 12 चाच असतो, पण बॅटरीवरचा आकडा वाचून मगच केबल लावा. जुन्या जीपला, अ‍ॅम्बेसेडरला हँडल मारून काम भागे. आताच्या गाडीला धक्का मारूनही बॅटरी अगदीच संपली असेल तर पेट्रोलचा पंप चालत नाही, आणि ऑटोमॅटिक गाडीला तर धक्का उपयोगाचाच नाही.

गाडी उठल्यावर लगेच बंद करू नका आणि शक्य असेल तर बॅटरी रात्रभर हळू चार्जिंगला द्या. काही तास थांबून मल्टिमीटर लावला की 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना आकडा 14 च्या जवळ जात नसेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर दाखवा. चार-पाच वर्षे झालेली बॅटरी हजच्या आधीच बदललेली बरी. जुनी भंगारवाल्याला देऊ नका, त्यात शिसे आणि आम्ल असते. दुकानात परत दिली की नव्या बिलातून तिचे पैसे वजा होतात, न झाले तर मागून घ्या.