आपल्या माणसांची सोय

आमच्या गावचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं. चार लोखंडी कपाटं, दोन बाकडी. ग्रंथपालबाई सकाळी स्वतः झाडू मारतात आणि मग नोंदवही उघडून बसतात. अनुदानाचा हप्ता आला की त्यांचा पगार होतो, आणि तो कधी येईल याचा नेम नाही. परवा त्या म्हणाल्या, “दादा, आमचं गाऱ्हाणं विधानभवनात मांडणारं कुणी आहे का हो?”

असायला हवं होतं. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या माणसांसाठी संविधानाच्या कलम 171 नं विधान परिषदेत जागा ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात त्या 12. त्यांतल्या एका जागेवर गदिमा होते. 1978 साली ना. धों. महानोर आले. पळसखेडचा हा कवी सभागृहात शेतीवर, पाण्यावर बोलत राहिला, कारण पाणी नसणं म्हणजे काय ते त्यानं स्वतःच्या रानात भोगलं होतं.

आणि आता? 15 ऑक्टोबर 2024 ला दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. त्याच दिवशी, आचारसंहिता लागायच्या आत, या जागांवर नेमलेल्या सात जणांचा शपथविधी उरकून घेतला. चित्रा वाघ, मनीषा कायंदे, विक्रांत पाटील. लोकसभेचं तिकीट त्याच वर्षी कापलं गेलेले हेमंत पाटील. मंत्र्यांचे चिरंजीव पंकज भुजबळ. पोहरादेवीचे महंत सोडले, तर ही सगळी पक्षाचीच माणसं. ही नेमणूक नव्हे, ही सोय आहे. मला याची चीड येते.

विरोधकांनी यावर गळा काढू नये. 2020 च्या नोव्हेंबरात त्यांच्या सरकारनं राज्यपालांकडे 12 नावं पाठवली. त्यांत गायक आनंद शिंदे होते, हे खरं. पण नुकतेच भाजप सोडून आलेले एकनाथ खडसेही होते. चार दशकं राजकारण केलेल्या माणसाला सभागृहात जायला कवीची जागा कशाला लागते?

यापुढे नाव पाठवताना त्या माणसाचं काम एका कागदावर लिहा आणि तो कागद लोकांपुढे ठेवा. कोणतं पुस्तक, कोणतं संशोधन, कोणती संस्था, किती वर्षं. ज्याचा कागद भरत नाही त्याला तिकीट द्या, मतदारांपुढे उभं करा आणि निवडून आणा.